दिवाळीचा किल्ला : पहिली-दुसरीच्या मुलांना इतिहास कसा सांगावा?

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीचा आठवडा म्हणजे वर्गात कुणाचंच लक्ष नसतं. हाच आठवडा किल्ल्यासाठी वापरावा. शिवछत्रपतींचा इतिहास मुलं चौथीच्या परिसर अभ्यास भाग दोनमध्ये वाचतात, पण किल्ला त्यांच्या हाताला त्याआधीच लागलेला असतो. पुस्तकाच्या आधी माती, हा क्रम मला फार आवडतो.

आपल्या माणमध्ये मात्र आता मातीच शोधावी लागते. जिथे भातखाचरं होती तिथे आयटी पार्कचा तिसरा टप्पा आहे आणि मेट्रोचं स्थानक आहे. वर्गात गावातली मुलं असतात, बांधकामावरच्या कुटुंबांतली असतात, सोसायट्यांतली असतात. काहींच्या आजोळी मातीचा किल्ला असतो, काही बाजारातून तयार किल्ला आणतात, तर काहींनी 'किल्ला करणे' हा शब्दच ऐकलेला नसतो. त्यामुळे "तुम्हाला माहीतच आहे" असं म्हणून सुरुवात करू नये. एका पाटीत ओली माती आणावी आणि सगळ्यांचे हात त्यात घालावेत.

आता इतिहास. सहा-सात वर्षांच्या मुलाला १६७४ हा आकडा काही सांगत नाही. त्यापेक्षा चौदा मुलं हात धरून रांगेत उभी करा. पहिला म्हणजे मी, दुसरे माझे बाबा, तिसरे आजोबा, चौथे पणजोबा. एका पिढीला साधारण पंचवीस वर्षं धरली की चौदाव्या मुलापाशी साडेतीनशे वर्षं भरतात. "तिथे रायगडावर राज्याभिषेक झाला," असं शेवटच्या मुलाकडे बोट दाखवून सांगा. बघा, डोळे कसे मोठे होतात!

एक गोष्ट जपायला हवी. "महाराजांनीच मुलांना दिवाळीत किल्ले करायला सांगितलं" अशी गोष्ट रचून सांगू नये. मूल गुरुजींचं, बाईंचं बोलणं आयुष्यभर खरं धरून चालतं. प्रश्न आलाच तर जे डोळ्यांना दिसतं ते सांगावं : पावसाळा नुकताच सरलेला असतो, माती ओली असते, हवा तो आकार घेते. पूर्वी दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत, कारण पावसात नद्या ओलांडणं आणि घाट चढणं अवघड असे. या वयाला एवढं पुरतं.

किल्ला कोणता? बहुतेक जण रायगड-प्रतापगड करतात. आपण कोरीगड करावा. तो आपल्याच मुळशी तालुक्यात आहे, वर सपाटी आहे, भोवती तटबंदी आहे, दोन तळी आहेत आणि कोराईदेवीचं मंदिर आहे. हा गड १६५७ मध्ये स्वराज्यात आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. करायलाही सोपा : विटांचे तुकडे रचून वर गोणपाट, त्यावर मातीचा लेप, आणि तळ्यांसाठी दोन वाट्या. काम करताकरता तट, बुरूज, टाकं, दरवाजा हे शब्द आपोआप तोंडात बसतात. "वर पाणी का साठवायचं?" हा एक प्रश्न विचारा आणि गप्प राहा. उत्तरं मुलंच देतात. हळीव पेरले की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो, म्हणून आधी पेरून ठेवा.

चित्रं मांडताना खरी मजा येते. मावळ्याशेजारी विमान येतं, बंदूकधारी प्लास्टिकचा सैनिक येतो, क्रिकेटवालाही येतो. रागवू नका, काढूही नका. "हे तेव्हा होतं का?" एवढंच विचारा. मग मुलं स्वतःच दोन ढीग करतात, तेव्हाचे आणि आत्ताचे. या वयात इतिहासाचा याहून चांगला पाठ मला तरी माहीत नाही. शेतकरी, गवळण, वाघ कुठे ठेवायचे यावर वाद होईल, होऊ द्या.

दक्षिणेकडून आलेलं एखादं मूल असेल तर जिंजीचं नाव जरूर घ्या. तामिळनाडूतला तो किल्ला महाराजांनी १६७७ मध्ये घेतला आणि पुढे राजाराम महाराज तिथूनच काही वर्षं राज्य चालवत होते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा हा. 'आमच्याकडचा पण आहे' हे कळलं की ते मूल चटकन मातीत उतरतं.

स्पर्धा मात्र ठेवू नका. बक्षीस आलं की किल्ला बाबा करतात आणि मूल बाजूला फोटोपुरतं उभं राहतं.

सुट्टीचा अभ्यासही एवढाच द्या : घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला तीन प्रश्न विचारायचे. तुम्ही लहानपणी किल्ला करायचा का, नसल्यास दिवाळीत काय करायचा? माती कुठून आणायचा? चित्रं कुणी करून द्यायचं? उत्तरं लिहायची गरज नाही, आठवणीत ठेवून आली तरी चालेल. ज्यांचे आजी-आजोबा दूर गावी आहेत, त्यांनी फोनवर विचारावं. तुळशीच्या लग्नापर्यंत शाळेतला किल्ला तसाच ठेवा, म्हणजे सुट्टीनंतर त्याच्याभोवती बसून ही उत्तरं ऐकता येतील.