पावसाळी उड्डाणांची धास्ती

प्रश्न : मी मुंबईत केबिन क्रू आहे. गेल्या पावसाळ्यात उतरताना विमान जोरात हादरलं. तेव्हापासून ड्यूटीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. घरी सांगितलं तर नोकरी सोड म्हणतील. काय करू?

उत्तर : राजीनाम्याची घाई करू नका. ही भीती तुमच्या कामातल्या माणसालाही वाटू शकते, त्यात कमीपणा नाही.

हादऱ्यांत पंख वाकतात, कारण ते वाकावेत असेच बनवलेले असतात. १९९५ मध्ये बोइंग ७७७ चा पंख चाचणीत मुद्दाम तुटेपर्यंत वाकवला. प्रत्यक्ष वापरात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या १५४ टक्क्यांवर तो तुटला. हादऱ्यांत खरी इजा होते ती पट्टा न बांधलेल्यांना, म्हणजे बहुतेकदा तुम्हा लोकांनाच. बसण्याची सूचना आली की ट्रॉलीला ब्रेक लावा आणि जम्प सीटवर पट्टा आवळा. चहा द्यायचा राहिला तर राहू द्या, हे मी आग्रहाने सांगते.

धडधड वाढली की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. पावसाळी फ्लाइट सहकाऱ्याशी बदलून घेऊ नका. सुटल्याचं बरं वाटतं, पण पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते. झोपेची किंवा चिंतेची गोळी मनाने घेऊन ड्यूटीवर मुळीच जायचं नाही. कंपनीच्या डॉक्टरांशी बोला, आणि कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या. घरच्यांना त्यानंतर सांगितलंत तरी चालेल.