एक लिटर पेट्रोल आणि माणसाचे बळ

इतिहासाच्या तासाला आम्ही मुंबईच्या वाहनांचा पट मांडतो. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये ट्राम विजेवर धावू लागली आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली मोटारबस निघाली. सनावळ्या मुलांना पाठ होतात, परंतु वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने एकदा विचारले, "सर, घोडा गवत खातो, गाडी पेट्रोल पिते, पण पेट्रोलात असे असते तरी काय?" प्रश्न विज्ञानाचा होता, तरी त्याच्या उत्तरावाचून आमचा इतिहासही अपुराच होता.

पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे. ती प्राणवायूशी जळताना उष्णता मुक्त होते. एका लिटरमधून सुमारे ३२ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या मीटरवरील जवळजवळ ९ युनिट. त्यातील बहुतांश उष्णता धुरावाटे आणि रेडिएटरवाटे वाया जाते. चाकांपर्यंत जेमतेम पाव हिस्सा, दोन-सव्वादोन युनिट, पोहोचतो.

आता हातगाडी घ्या. धट्टाकट्टा माणूस सतत ७५ वॅट शक्तीने राबला, तर आठ तासांत ०.६ युनिट काम करतो. म्हणजे एका लिटरमध्ये तीन-चार माणसांचा घाम आहे. (हे आठ तासही आपोआप मिळालेले नाहीत, कारखान्यांतील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारे विधेयक मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये मांडले होते.) ज्यांच्या वडिलांनी दादरच्या बाजारात गाड्या ओढल्या, गोदीत पोती वाहिली, ती मुले हे गणित फळ्यावर पाहून गप्प झाली. मुंबईत शंभर रुपयांच्या आसपास मिळणारे हे लिटर पाठीवरचे ओझे उतरवते, हे खरेच. पण त्या पाठीची मजुरीही तेच ठरवू लागते.

आज दुचाकीवरून घरपोच माल देणारे आमचे काही माजी विद्यार्थी तक्रार करतात की गाडी पूर्वीइतकी धावत नाही. तिला आधार आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूलच असतात; वीस टक्के मिसळल्यास लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. पंपावर मात्र भाव लिटरचा लागतो, मेगाज्यूलचा नाही.