पाणी कमी पडलं की जास्त झालं?

बैठकीतल्या मनी प्लांटला रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घालते. पंधरा दिवसांपासून पानं पिवळी पडताहेत, उरलेली मलूल झालीत. म्हणून संध्याकाळीही पाणी सुरू केलं आणि चमचाभर युरिया घातला. तरी काही फरक नाही. (ठाणे)

ताई, तो चमचा आधी खाली ठेवा. युरियात 46 टक्के नत्र असतं. एवढ्याशा कुंडीत, तेही आजारी मुळांवर, चमचाभर म्हणजे फार झालं. आणि तांब्याही ठेवा.

झाड मान टाकतं ते तहानेनं, हा आपला पक्का समज. पण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या फटी सदोदित पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणजे कुंडीत चिखल आणि झाड तहानलेलं! पानं लोंबतात, आपल्याला कळवळा येतो, आपण आणखी पाणी घालतो. माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त घरातली झाडं अशी मायेनं आजारी पडलेली असतात.

कुंडी आडवी करून झाड हलकेच बाहेर काढा. मूळ पांढरट आणि टणक असेल तर ते जिवंत. काळपट, लिबलिबीत असेल, बोटांनी ओढल्यावर साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरत असेल, तर ते गेलं. वासही गटारासारखा येतो. मुळं नळाखाली धुवा, युरियाही निघून जाईल. सडलेली मुळं स्वच्छ कात्रीनं कापा. उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच लहान कुंडीत, माती, कोकोपीट आणि जाड वाळूच्या मिश्रणात लावा. कुंडीला खाली भोक हवंच. बैठकीत शोभतात म्हणून आणलेल्या चिनी मातीच्या कुंड्यांना बऱ्याचदा ते नसतं. कुंडी उजेडात ठेवा, उन्हात नको. महिनाभर खत नाही. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी.

आणि विमा म्हणून दोन-तीन चांगल्या फांद्या पेराखाली कापून पाण्याच्या बाटलीत ठेवा. पेर पाण्यात बुडायला हवं, मुळं तिथूनच फुटतात. मूळ झाड दगावलं तरी वेल घरात राहील.

तुळशीच्या लग्नापर्यंत छान डवरलेली तुळस पौषात वाळायला लागते. दरवर्षी हेच. आमच्या हाताला तुळस लागत नाही असं सासूबाई म्हणतात. (सातारा)

हाताचा दोष नाही. कार्तिकात तुळस मंजिऱ्यांनी लगडलेली असते. बी धरलं की झाडाची ताकद त्यातच जाते, नवी पालवी थांबते. वर थंडी, आणि तुळस मुळात उबेतली. मंजिरी कोवळी असतानाच दोन पानांसकट खुडत जा, खाली दोन नवे फुटवे येतील. काही मंजिऱ्या मात्र वाळू द्या. त्यांचं बी उन्हाळा लागताना कुंडीत चोळून टाकलंत की रोपंच रोपं. तुळस काही वडासारखी जुनी होत नाही, दोन-तीन वर्षांनी नवं रोप लावावंच लागतं.

आत्ताची तुळस गेली की आहे, हे नखानं कळेल. खोडाची साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. हिरवं संपतं तिथपर्यंत वाळलेल्या काड्या छाटा. पूजेचं पाणी पळीभरच घाला, आणि दूध नको. सासूबाईंना माझं नाव सांगा.

कढीपत्त्याला आंबट ताक घालते, तरी पानं पिवळीच. (पुणे)

कुठली पानं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडतंय. झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. अशा वेळी दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत पुरे. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाची कमतरता समजा. लोह झाडात असं इकडून तिकडे हलत नाही. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी घालत असाल, कुंडीच्या काठावर पांढरी खारी धरत असेल, तर मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. ताकाच्या आंबटपणानं थोडाफार उपयोग होतो, पण ते भरपूर पाणी घालून पातळ करून, महिन्यातून एकदा. रोज घातलंत तर बुरशी आणि चिलटं. त्यापेक्षा कृषी केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी साठवून घातलंत तर आणखी बरं.

जास्वंदीच्या कळ्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी आलंय. कळ्या न उमलताच गळतात. (रत्नागिरी)

पिठ्या ढेकूण. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, झाडाखाली नकोत. बाकीचे पाण्याच्या जोरदार धारेनं उडवा. मग लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनसुद्धा. अंडी वाचतात, म्हणून आठ-आठ दिवसांनी तीनदा तरी करा. मुंग्यांकडेही लक्ष ठेवा. पिठ्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात. खोडावर त्यांची रांग पुन्हा दिसली, तर फांद्यांच्या बेचक्यात शोधा, एखादा पांढरा ठिपका उरलेला असेल.