शाळा सुटू पाहणारे मूल व आपले कर्तव्य



दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या वेशीबाहेर ट्रॅक्टर व बैलगाड्या उभ्या राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याकरिता नवराबायकोचा कोयता ऊसतोडीस निघतो. गाडीत भांडीकुंडी, धान्याचे पोते व अंथरूणपांघरूण भरलेले असते, आणि त्यावर मुले बसलेली असतात. ही मंडळी चैत्राच्या सुमारास परत येतात. तोवर शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलांची नावे तशीच असतात. बाकावरील जागा मात्र रिकामी असते.

संध्याकाळी मेंढरे वाड्यात घेताना धनगर ती मोजून घेतो. एक जरी कमी भरले तरी तो भाकरीला हात लावीत नाही. कंदील घेऊन पुन्हा माळावर जातो. आपल्या गावातील मुलांची अशी मोजदाद कोणी करतो काय? आणि एखादे कमी भरले तर ते कोठे शोधावे व कोणाच्या दारी न्यावे, हे आपणांस ठाऊक आहे काय? या पाठात आपण याच गोष्टीचा विचार करू.

विषय समजण्यास सोपा व्हावा म्हणून एक मुलगी डोळ्यांपुढे आणू. ती बारा वर्षांची आहे व तिचे नाव सहावीच्या पटावर आहे. मागले दोन हंगाम ती आईबापांबरोबर फडावर गेली. कारण आई ऊस तोडीत असता पाळण्यातील भावास सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. आईबाप निर्दय नाहीत. ते निरुपाय आहेत. मुलगी परत आली तेव्हा वर्ग पुढे गेला होता. आता धडा वाचावयास सांगितला की ती खाली पाहते, मागल्या बाकावर बसते, आठवड्यातून दोन दिवस येतच नाही. अशा मुलीची शाळा एका दिवसात सुटत नसते. जुन्या गोधडीप्रमाणे ती टाक्याटाक्याने उसवत जाते. दोन-तीन वर्षांत घरी बोलणे निघते की, हिचे शिक्षण काही होत नाही, मग लग्न तरी उरकून टाकू. तेव्हा आपण जागे झालो तर फार उशीर झालेला असतो.

पहिली गोष्ट : ओळखणे. ज्या मुलाची शाळा सुटण्याचा संभव आहे त्याची काही लक्षणे ठरलेली आहेत. ते वारंवार गैरहजर राहते. घरचे काम, धाकटे भावंड किंवा मजुरी यांत गुंतलेले असते. परीक्षेच्या दिवशी पोट दुखते म्हणून सांगते. किंवा शाळेचे नाव निघताच उठून जाते. परंतु सर्वांत मोठे लक्षण सहज दिसत नाही, ते हे की, मूल वरच्या वर्गात असते व त्यास वाचता येत नसते. हे काही थोड्या घरांचे दुखणे नव्हे. 'प्रथम' या संस्थेच्या वतीने २००५ सालापासून देशातील खेड्यापाड्यांत 'असर' नावाची पाहणी होत आली आहे. २०२२ सालच्या पाहणीत पाचवीच्या शेकडा सुमारे ४३ मुलांसच दुसरीच्या पातळीची गोष्ट नीट वाचता आली. म्हणजे अर्ध्याहून अधिक मुले न वाचताच पुढे ढकलली गेली होती.

ही परीक्षा कोणासही घेता येते. आधी अक्षरे, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा व शेवटी दुसरीच्या पातळीची लहानशी गोष्ट, अशा क्रमाने मुलास प्रेमाने वाचावयास द्यावे. जेथे ते अडखळते तेथूनच त्यास शिकवावयाचे आहे, हे ध्यानात ठेवावे. मात्र ही परीक्षा चारचौघांत घेऊ नये, व तिचा निकाल सभेत सांगू नये. ज्या मुलाची लाज आपण वेशीवर टांगली, ते पुन्हा आपल्या दारी येणार नाही.

दुसरी गोष्ट : शिकवणी. शिकवणी म्हणजे पैसेवाल्यांचा थाट, अशी आपल्यात एक समजूत आहे. ती टाकून दिली पाहिजे. गावात दहावी-बारावी झालेली एखादी सून किंवा लेक असते, सेवानिवृत्त गुरुजी असतात. त्यांनी रोज संध्याकाळी एक तास दिला तरी पुष्कळ होते. मुलांचे गट इयत्तेवरून पाडू नयेत. ज्यास जे येते त्यावरून पाडावेत. पाचवीतील जो मुलगा अक्षरांवर अडला आहे, त्यास अक्षरांच्या गटात बसवावे. त्याला गोष्ट वाचता येऊ लागली की वरच्या गटात घ्यावे. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम'ने हीच रीत अनेक राज्यांत चालविली व ती गुणकारी ठरली. शिकवणी सर्वांस दिसेल अशा मोकळ्या जागी व्हावी, दुसरे एखादे वडील माणूस जवळ असावे, आणि मुलींस अंधार पडण्यापूर्वी घरी पोचवावे. विश्वासाने सोपविलेल्या लेकरांच्या बाबतीत एवढी काळजी घेतलीच पाहिजे.

शिवाय शाळेचेही कर्तव्य आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील चौथ्या कलमाप्रमाणे, जे मूल शाळेत कधी गेले नाही किंवा ज्याचे शिक्षण मध्येच थांबले, त्यास त्याच्या वयास योग्य अशा वर्गात घ्यावे लागते. इतरांच्या बरोबरीस येण्याकरिता विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्यास हक्क आहे. आणि वय चौदाच्या पुढे गेले तरी आठवी पुरी होईपर्यंत त्याचे शिक्षण मोफतच असते. म्हणून गुरुजींकडे जावे ते तक्रार घेऊन नव्हे. 'या मुलीला अमुक येते, अमुक येत नाही. आम्ही संध्याकाळी इतके करतो, आपण शाळेत काय कराल?' असे विचारीत जावे. बहुतेक गुरुजींस अशा सोबत्याची गरजच असते.

तिसरी गोष्ट : कैवार घेणे. काही मुलांची अडचण अभ्यासाची नसते. दारात त्यांची वाट अडविलेली असते. दाखला नाही म्हणून प्रवेश नाही, वर्ष अर्धे झाले म्हणून प्रवेश नाही, असे सांगितले की गरीब बाप हात जोडून परत फिरतो. त्याच्या बाजूने दोन शब्द बोलणारा कोणी हवा, व त्याला कायदा ठाऊक हवा. जन्माचा दाखला नाही एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला तरी नव्या शाळेने मुलास थांबवून ठेवता कामा नये. शाळेचे वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलासही घ्यावे लागते. आठवी पुरी होईपर्यंत कोणाही मुलाचे नाव शाळेतून काढून टाकता येत नाही. मारणे व मनास लागेल असे छळणे यांस मनाई आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश होईल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ज्यांचे अपंगत्व शेकडा ४० किंवा त्याहून अधिक आहे अशा मुलांस २०१६ च्या कायद्याने सहापासून अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

हे हक्क आयते मिळालेले नाहीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली होती. तेव्हापासून हा कायदा अमलात येईपर्यंत १२८ वर्षे गेली. इतक्या उशिरा हाती आलेली वस्तू पेटीत ठेवून देणे शहाणपणाचे नव्हे.

तर आपल्या त्या मुलीच्या बाबतीत काय करावे? गाड्या निघण्याच्या महिनाभर आधी तिच्या घरी जावे. आईबापांस दोष न देता प्रथम त्यांचे ऐकून घ्यावे, कारण त्यांच्या संमतीवाचून काहीच टिकत नाही. मुलीलाही तिची इच्छा विचारावी. ती आजीजवळ राहू शकत असेल, तर शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर व्हावे म्हणून मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांजकडे वेळेवर मागणी करावी. या समितीत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व एकंदर निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तेव्हा तेथे आपले कोणी नाही असे म्हणण्यास जागा नाही. तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय असेल तर तेथेही चौकशी करावी. मागास तालुक्यांतील मुलींकरिता ही निवासी विद्यालये २००४ पासून निघाली आहेत. तिला बरोबर नेण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे व ते फडाजवळच्या शाळेत दाखवावे. आणि तान्ह्या भावाची सोय काय, हा प्रश्न विसरू नये. तो सुटला नाही तर बाकीचे सर्व व्यर्थ. कारण त्या मुलीस शाळेपासून ओढणारी खरी दोरी तोच पाळणा आहे. तेव्हा फडाजवळ अंगणवाडी आहे काय, किंवा सोबत जाणारी एखादी म्हातारी टोळीतील चार लेकरे एकत्र सांभाळील काय, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

चौथी गोष्ट : चौदा वर्षांनंतर. आठवीनंतर कायद्याचे छत्र विरळ होते, आणि नेमक्या याच वयात मुलांचे पाय बाहेर पडतात. तरी वाट संपलेली नसते. आठवीत असतानाच आर्थिक दुर्बल घटकांकरिता असलेली राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा देता येते. तीत निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात. दहावीस एक-दोन विषय राहिले तर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा असते, व मधल्या काळात अकरावीत तात्पुरता प्रवेशही मिळू शकतो. शाळा सुटून वर्षे लोटली असतील तर सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसता येते, किंवा मुक्त विद्यालयाची वाट धरता येते. मुलीच्या लग्नाचे बोलणे अठरा वर्षांपूर्वीच निघाले तर २००६ चा कायदा आईबापांस समजावून सांगावा. तरीही थांबत नसतील तर ग्रामसेवकांस कळवावे. गावातील बालविवाह रोखण्याचा अधिकार व जबाबदारी त्यांजकडे आहे. कोणत्याही मुलावर संकट आले असता १०९८ हा दूरध्वनी रात्रंदिवस विनामूल्य लागतो.

पाचवी गोष्ट : पाठपुरावा. येथे आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका खेड्यात गणितात नापास झालेला एक मुलगा आमच्याकडे आला. आम्ही त्यास धीर दिला, पुन्हा परीक्षा देता येते असे सांगितले, व मनास समाधान मानून परत फिरलो. अर्ज कोठे मिळतो, त्यास फी किती पडते, शेवटची तारीख कोणती, गणित कोण शिकवील, यांतील काहीही आम्ही पाहिले नाही. पुढे दिवाळीत भेट झाली तेव्हा तो वीटभट्टीवर होता. 'तारीख निघून गेली,' एवढेच तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आमच्या अधिक जिव्हारी लागले. वाट दाखविणे निराळे व दारापर्यंत बरोबर जाणे निराळे, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

म्हणून एक लहान वही ठेवावी. तीत मुलाची अडचण, आपण कोणास भेटलो, त्यांनी काय कबूल केले व पुन्हा केव्हा जावयाचे, हे लिहावे. ती वही कोणाच्या हाती पडू देऊ नये. तोंडी सांगून काम न झाल्यास अर्ज लेखी करावा, त्याच्या दोन प्रती कराव्या, व एकीवर पोच आणि तारीख घ्यावी. प्रथम मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, नंतर पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी, अशी पायरी पायरीने चढावी. स्थानिक प्राधिकरणाकडे केलेल्या लेखी तक्रारीचा निकाल तीन महिन्यांच्या आत व्हावा, असे कायदा सांगतो. तेथे न्याय न मिळाल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. भाषा नम्र असावी, परंतु मागणी स्पष्ट असावी. आपण भीक मागत नाही. मुलाचे जे आहे तेच मागत आहो.

कोणी म्हणेल, एवढे सर्व करण्यास आम्ही कोण? आम्ही फार शिकलेले नाही. वाचकहो, यास विद्वत्ता लागत नाही. धनगराजवळ कंदील असतो व मोजण्याची सवय असते. तेवढ्यावर तो माळ पालथा घालतो. प्रत्येक मंडळीने या हंगामात एकच मूल निवडावे, व गाड्या परत येईपर्यंत त्याचा हात सोडू नये. चैत्रात ते मूल शाळेच्या बाकावर बसलेले दिसले, की हा पाठ आपणांस समजला असे आम्ही समजू.

विचार करण्याकरिता प्रश्न

१. आपल्या वस्तीत सहा ते अठरा वर्षांची मुले किती? त्यांपैकी गेल्या आठवड्यात शाळेत न गेलेली कोणती, व का?

२. संध्याकाळी एक तास शिकवू शकेल असे आपल्या गावात कोण आहे? त्यांस विचारावयास कोण जाईल?

३. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या ओळखीचे पालक कोण आहेत? समितीची पुढील सभा केव्हा आहे?

४. वाट दाखविणे व दारापर्यंत बरोबर जाणे यांतील भेद स्वतःच्या अनुभवावरून सांगा.