आधी हात बघ

शाळेत समुपदेशक म्हणून रुजू झालीस की पहिल्याच महिन्यात तुझ्याकडे कोणती मुलं पाठवतील, ते आत्ताच सांगून ठेवते. ‘आळशी आहे.’ ‘फळ्यावरचं उतरवून घेत नाही.’ ‘तोंडी सगळं येतं, वही मात्र कोरी.’ ‘अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.’ बाई वैतागलेल्या, आई रडवेली, आणि पोरगं गप्प. बुद्ध्यांक काढायला, चिंता ओळखायला, पालकांशी बोलायला तू शिकली आहेस. हातांबद्दल मात्र एखाददुसरं प्रकरण, तेही परीक्षेपुरतं. म्हणून अशा वेळी आपण घाईघाईने मुलाच्या मनात शिरतो. तू थांब. आधी हात बघ.

त्यासाठी खोलीत बसून भागणार नाही. मधल्या सुट्टीत वर्गात जाऊन उभी राहा. डब्याचं झाकण त्याला उघडता येतं का? पोळीचा तुकडा कसा तोडतो? बटणं, चेन, बुटाची नाडी? लिहिताना दुसऱ्या हाताने वही धरतो की वही सरकत राहते? पेन्सिल इतकी दाबतो का, की अक्षर मागच्या पानावर उठतं? चार ओळींनंतर हात झटकतो का? आणि पाय जमिनीला टेकतात का, हे विसरू नकोस. बाक उंच असला आणि पाय लोंबकळत असले की अंग सावरण्यातच त्याची शक्ती जाते, बोटांना काय उरणार? पायाखाली एक पाट ठेवून बघ.

वयाचं भान हवं. गोल साधारण तिसऱ्या वर्षी काढता येतो, अधिकचं चिन्ह चौथ्या वर्षाच्या आसपास, चौकोन आणि त्रिकोण पाचव्याच्या आगेमागे, शंकरपाळ्याचा आकार त्याहून उशिरा. तिरकी रेघ सहज येत नाही गं. तरीही तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना आपण दुरेघी वही देऊन ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ गिरवायला बसवतो. याचा मला मनापासून राग येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, ती परिसरातल्याच वस्तूंची साधनं करून. इतकी वर्षं झाली, तरी आपण मुलांच्या हातात आधी पेन्सिलच देतो.

वय होऊनही काही मुलांचे हात अडखळत राहतात. बुद्धी चांगली, नजर चांगली, पण हालचालींचा मेळ बसत नाही आणि रोजची कामं अडतात. याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत त्याचं प्रमाण शंभरात पाच-सहा मानलं जातं. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघं असू शकतात. निदान तू एकटीने करायचं नाहीस. बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याशी आधीच ओळख करून ठेव. मुंबईत केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, त्यामुळे हे शास्त्र आपल्याकडे काही नवं नाही. तालुक्याला मात्र थेरपिस्ट सहज मिळत नाही, आणि तिथे तुझीच गरज लागते.

मटार सोलणं, कणीक मळणं, चिमटीने रांगोळी घालणं, सागरगोटे, सगळं उत्तम. लहान मुलांना भरपूर करू दे. पण आठ वर्षांच्या मुलाला मणी ओवायला लावून त्याचं अक्षर सुधारेल, असं पालकांना सांगू नकोस. जे जमत नाही, त्याचाच सराव लागतो. नाडी बांधता येत नसेल तर नाडीच बांधायची.

आणि इथे तुझं मानसशास्त्र खरं कामाला येतं. कॅनडात हेलेन पोलाटायको आणि अँजेला मँडिच यांनी ‘को-ऑप’ नावाची पद्धत बसवली. तिच्यात मूल स्वतःच ठरवतं: मला काय करायचंय, कसं करणार, करून बघतो, जमलं का? तू उत्तर द्यायचं नाहीस, विचारायचंस. ‘शब्द एकमेकांना चिकटतात. काय करूया?’ मूल म्हणेल, ‘मध्ये बोट ठेवतो.’ ठेवू दे. बोट आडवं येतंय हे त्यालाच कळेल, मग ते म्हणेल, ‘पेन्सिलीचं टोक ठेवतो.’ युक्ती त्याची असली की ती घरीही वापरली जाते. शिवाय ‘मी ढ आहे’ हे जे मनात रुतून बसलेलं असतं, ते हलायला लागतं. मला या पद्धतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

बाईंशी बोलताना तपासनीस होऊ नकोस. त्यांच्यासमोर पन्नास-साठ मुलं असतात. एकच मागणी कर: खराब अक्षराची शिक्षा म्हणून ‘दहा वेळा लिही’ बंद. मग हळूहळू बाकीचं: पंधराऐवजी पाच ओळी, उत्तर तोंडी, फळ्यावरचं छापून दिलेलं. लेखनाची अडचण अध्ययन अक्षमतेतली निघाली, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. परीक्षेतल्या सवलतींसाठी प्रमाणपत्र लागतं, तेव्हा दहावीची वाट बघत बसू नकोस.

आणि हे नीट लक्षात ठेव. आधी जमणारी गोष्ट एखाद्याला जमेनाशी झाली, हात थरथरायला लागला किंवा एकच बाजू लुळी वाटली, तर तिथे निरीक्षण नको आणि सरावही नको. त्याच दिवशी आईला बोलावून मुलाला डॉक्टरकडे पाठव. आई म्हणाली, ‘परीक्षा झाल्यावर बघू’, तरीही.