बालकाची वेदना आणि यंत्राचे उत्तर

काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानातील वेदनाध्यायात न बोलणाऱ्या बालकाच्या व्याधीचे अनुमान चेष्टांवरून करण्यास सांगितले आहे. कर्णशूलात बालक हातांनी कान चोळते. शिरःशूलात मस्तक हलविते, डोळे मिटते. उदरशूलात स्तन सोडून रडते, उताणे पडते, पोट ताठ होते. हे सर्वप्रथम दिसते ते मातेला.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातही भ्रमणध्वनीवरील कृत्रिम बुद्धिमत्तेस विचारून औषध मागणारे पालक आता भेटतात. यंत्र बालचतुर्भद्र चूर्ण मधातून द्यावे असे सांगेल. नागरमोथा, पिंपळी, अतिविष, काकडशिंगी हे घटकही अचूक सांगेल. परंतु बालक सात महिन्यांचे आहे, हे त्यास कोणी सांगितलेच नसेल तर? एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, कारण त्यातील जीवाणूंच्या बीजाणूंपासून बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा विकार संभवतो. औषधालयचालकांनी वय विचारल्याखेरीज पुडी देऊ नये. अनुपान वैद्याने ठरवावे.

‘आज याचे रडणे निराळे आहे’ असे माता म्हणाली, तर यंत्राचा निर्वाळा काहीही असो, बालकास तपासावेच. मात्र मातेचा अंदाजही क्वचित फसतो. ‘दात येत आहेत’ म्हणून धाप दुर्लक्षिली जाते. अशा वेळी बालक शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्ष या वयात ते ५० किंवा अधिक भरल्यास फुप्फुसदाहाची शंका घ्यावी. छाती आत ओढली जात असल्यास चूर्ण बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालयात पाठवावे.