ग्रंथवेडा दुकानदार

बी. ए.ला जर्मनीचा इतिहास अभ्यासताना हिटलर पाठ झाला. झाल्मान शॉकेन हे नाव मात्र मला फार उशिरा भेटले. १८७७ साली जन्मलेल्या या ज्यू व्यापाऱ्याने थोरल्या भावासह झ्विकाऊ गावातून मोठमोठ्या दुकानांची साखळी उभारली. १९३० मध्ये केम्निट्सला उभ्या राहिलेल्या त्याच्या दुकानाच्या इमारतीत आज पुरातत्त्व संग्रहालय आहे. हे झाले दुकानदाराचे. मला भावतो तो ग्रंथवेडा शॉकेन! १९३१ मध्ये बर्लिनला प्रकाशनसंस्था काढून नाझी अमलातही त्याने ज्यू लेखकांची पुस्तके छापली. १९३८ मध्ये ती बंद पाडली गेली, दुकानेही बळकावली गेली. ग्रंथसंग्रह तेवढा त्याआधीच जेरुसलेमला पोचला होता. हिब्रू कथाकार अग्नोन यांना तो वर्षानुवर्षे तनखा देत असे. १९६६ मध्ये अग्नोन यांना नोबेल मिळाले. शॉकेन १९५९ मध्येच गेला होता.